डोंगरातला झरा लवकर आटतोय: चर कुठे खणायचे आणि बोअर घ्यायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरहून काम करणारा एक गट सातपुड्याच्या पायथ्याच्या 60 घरांच्या गावाला मदत करतोय. वस्ती 300 माणसांची, दीडशे गुरं, तेवढ्याच शेळ्या. गावाचा झरा पूर्वी मे महिना काढायचा. आता नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात 10 लिटरची बादली 15 सेकंदांत भरते, फेब्रुवारीच्या सुरुवातीला तीच बादली भरायला मिनिट लागतं आणि मार्चअखेर नुसती ओल उरते. पाऊस मात्र कमी झालेला नाही. झऱ्यापासून दीड-दोनशे मीटरवर, वरच्या अंगाला, दोन वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने बोअर घेतली आहे. हाताशी 5 लाख रुपये आहेत. समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत) खणावेत, नाल्यावर बंधारा बांधावा, की गावासाठीही एक बोअर मारावी?

तुम्ही बादली आणि घड्याळ घेऊन मोजलंत, हे फार बरं केलंत. त्या तीन नोंदींमधूनच बरंच कळतं, म्हणून आधी तेवढंच गणित करू.

नोव्हेंबरमध्ये मिनिटाला 40 लिटर, फेब्रुवारीत 10 लिटर. म्हणजे 90 दिवसांत धार दोनदा निम्मी झाली, निम्मी होण्याचा काळ 45 दिवस. पावसाळा संपल्यावर खडकात साठलेलं पाणी साधारण याच चालीने उतरतं. दर ठरावीक दिवसांनी निम्मं, पुन्हा निम्मं. हा काळ त्या खडकाच्या पोताचा गुण आहे, तो चर खणून फारसा बदलत नाही. बदलते ती सुरुवातीची धार. नोव्हेंबरची धार दुप्पट झाली तर झरा प्रत्येक टप्प्याला 45 दिवस उशिरा पोचेल. तुमच्या कामातून मिळू शकणारा फायदा मोजायचं माप हेच आहे.

हीच चाल पुढे नेली तर मार्चअखेर मिनिटाला 4 लिटर यायला हवेत. तुमच्याकडे नुसती ओल आहे. म्हणजे फेब्रुवारीनंतर बहुधा मधल्या मध्ये कुणीतरी पाणी ओढतंय. उन्हाळी भाजीपाल्याला बोअर नेमकी त्याच दिवसांत जास्त चालते, त्यामुळे पहिला संशय तिच्यावर जातो. पण संशयावर भांडण लावू नका. त्या शेतकऱ्याला विनंती करून फेब्रुवारीत तीन दिवस पंप पूर्ण बंद ठेवा. आधीचे दोन दिवस, बंदचे तीन दिवस आणि नंतरचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ धार मोजा, प्रत्येक वेळी तीन वाचनं घेऊन सरासरी काढा. पंप बंद असताना धार वाढली आणि सुरू झाल्यावर पडली, तर दोघांचं पाणी एकाच पोटातलं आहे. काहीच हललं नाही तर बोअर बहुधा निर्दोष आहे. मग झऱ्याच्या तोंडाशी पाणी खालून दुसरीकडे पळतंय का ते बघा. दहा-पंधरा मीटर खाली नाल्याच्या काठावर नवी ओल किंवा हिरवा पट्टा दिसला तर ती तुमचीच धार.

गावासाठी झऱ्याजवळ दुसरी बोअर मात्र नकोच. झरा म्हणजे भरलेल्या रांजणाच्या काठावरून ओसंडणारं पाणी, बोअर म्हणजे त्याच रांजणाच्या बुडाला पाडलेलं भोक. पातळी काठाखाली गेली की झरा बंद होतो, मग आत कितीही पाणी असो. सार्वजनिक पेयजल स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला महाराष्ट्रातल्या भूजल कायद्याने बंधन घातलं आहे, पण त्याचा उपयोग व्हायला झरा ग्रामपंचायतीच्या दप्तरी पेयजल स्रोत म्हणून नोंदलेला हवा. बहुतेक गावांत तो नोंदलेलाच नसतो. हे काम फुकटात होतं, ते आधी उरका.

आता पाऊस तेवढाच आणि झरा कमी, हे कसं? पाऊस किती पडला यापेक्षा किती वेळात पडला यावर सगळं अवलंबून आहे. समजा डोंगरावरची मुरमाड जमीन तासाला 20 मिलिमीटर पाणी पिते. 60 मिलिमीटर पाऊस तीन-चार तासांत रिमझिम पडला तर जवळपास सगळा मुरेल. तोच एका तासात कोसळला तर 40 मिलिमीटर नाल्याला लागेल. पर्जन्यमापकात दोन्ही दिवशी 60 चाच आकडा. मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात जवळपास तिपटीने वाढल्या, असं 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आलं. नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभरावर मिलिमीटर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली. डोंगरावर असा पाऊस पडतो तेव्हा बातमी होत नाही, फक्त पुढच्या फेब्रुवारीत झरा आटतो.

दुसरं कारण जमिनीच्या कातडीत आहे. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालचा पाचोळा जाळतात. आग झाडापुरती राहत नाही, उतार चढत जाते. पहिल्या पावसाला जमीन उघडी सापडते, थेंबांच्या माराने बारीक माती उडून छिद्रं बुजतात आणि वर पापुद्रा धरतो. निव्वळ सागाच्या रोपवनातही असंच होतं. रुंद पानांवरून पडणारे थेंब मोठे असतात आणि खाली गवत नसलं तर माती धुपतेच. तुमच्या जमिनीची तहान किती ते स्वतः मोजा. तेलाच्या 15 किलोच्या डब्याची दोन्ही टोकं कापा, 10 सेंटिमीटर जमिनीत ठोका, आत पट्टी उभी करा आणि पाणी ओतत राहा. पहिल्या अर्ध्या तासाचा आकडा सोडून द्या, कोरडी जमीन आधी हावरटासारखी पिते. तासाभरानंतर पातळी ज्या वेगाने उतरते तो खरा आकडा. जळालेल्या जागी एक आणि गवताखाली एक, अशा दोन चाचण्या शेजारी शेजारी घेतल्या की गावकऱ्यांना भाषण द्यावं लागत नाही. आग थांबवायला मोहाखाली जुनी जाळी किंवा साड्या अंथरणं, नाहीतर फक्त झाडाच्या घेराएवढा गोल झाडून घेणं, हे दोन्ही उपाय चालतात.

आता मुख्य मुद्दा, आणि पैसे वाया जातात ते इथेच. चर झऱ्याच्या बरोबर वरच्या उतारावर खणायचे असा सगळ्यांचा समज असतो. झऱ्याचं पाणी मात्र तिथूनच येत असेल असं नाही. ते कुठून येतं हे खडक ठरवतो, आणि नागपूरच्या आसपास खडकाचे दोन अगदी वेगळे स्वभाव आहेत.

पश्चिमेला, काटोल, नरखेड, कळमेश्वरच्या अंगाला आणि पुढे मेळघाटात काळा पाषाण आहे. लाव्हाचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, भोकाभोकांचा (विहीर खणणारे याला मांजऱ्या म्हणतात), तो पाणी धरतो. खालचा भाग घट्ट, तडा असेल तरच पाणी जाऊ देतो. दोन थरांच्या मध्ये कधी गेरूसारखा तांबडा थर असतो, तो पाण्याला अडवून धरतो. सीताबर्डीच्या टेकडीत असे लाव्हाचे थर आणि त्यांच्यामधला गाळाचा थर आहे, शाळेच्या मुलांना दाखवण्यासारखी जागा. अशा डोंगरात झरा थरांच्या सांध्यावर फुटतो. खूण सोपी आहे, डोंगराला वळसा घाला. तेवढ्याच उंचीवर आणखी दोन-तीन ओल्या जागा, उंबर किंवा जांभळीची रांग सापडली तर तो सांधा समजा. अशा झऱ्याला पाणी देतं ते वरचं पठार. काम माथ्यावरच्या सपाट माळावर करायचं, तीव्र उतारावरच्या चरांनी फार तर माती अडेल.

उत्तरेला आणि ईशान्येला, रामटेक, देवलापार, पेंचच्या पट्ट्यात खडक जुने आणि रूपांतरित आहेत. पट्ट्यापट्ट्यांचा नाइस, शिस्ट, क्वार्टझाइट, संगमरवर. हे थर आडवे नसतात, कलते असतात. पाणी त्या कलाने आणि तड्यांनी चालतं. थर झऱ्याकडे कललेले असतील तर पाणी डोंगराच्या पलीकडच्या बाजूनेही येऊ शकतं, आणि थर उलट, पलीकडे कललेले असतील तर गावाकडच्या उतारावर खणलेला चर शेजारच्या खोऱ्याला पाणी पाजतो. कल बघायला उघड्या थराच्या पृष्ठभागावर तांब्याभर पाणी ओता. ज्या दिशेने ओघळ सरळ खाली जातो ती कलाची दिशा. मोबाइलमधल्या उतार मोजणाऱ्या ॲपने कोन घ्या. नाल्यात, खाणीत, रस्त्याच्या कापात अशा किमान 10-12 जागी वाचन घेऊन भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशावर बाण काढा. उंचीसाठी मोबाइलवर विसंबू नका, तो सहज 10-15 मीटर चुकतो.

नागपुरात बसून हे काम करणाऱ्यांचं भाग्य असं की केंद्रीय भूजल मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं कार्यालय, मृद सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, नीरी, सगळं शहरातच आहे. भूशास्त्राचा एक अनुभवी माणूस दोन दिवस डोंगरावर फिरवा. 5 लाखांतला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा खर्च.

आणखी एक साधन घ्या, विद्युत वाहकता (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा आकडा) मोजणारं खिशातलं मीटर. मोठा पाऊस झाल्यावर दोन दिवस दर सहा तासांनी झऱ्याचं वाचन घ्या. आकडा झपाट्याने पडला आणि पाणी गढूळ झालं तर पावसाचं पाणी जवळूनच, उथळ वाटेने येतंय. असा झरा लवकर भरतो, लवकर आटतो आणि पावसाळ्यात तो न उकळता, क्लोरीन न घालता पिऊ नये. आकडा जवळपास स्थिर राहिला तर पाणी खडकात बराच काळ राहून येतंय, त्याचं क्षेत्र मोठं किंवा दूर आहे.

एक नियम मात्र दोन्ही खडकांना लागू आहे. झऱ्याच्या पातळीच्या खाली बांधलेल्या कुठल्याही बंधाऱ्याने झऱ्यात थेंबभरही वाढ होत नाही. सिमेंट नाला बांध गावाखाली बांधला तर खालच्या विहिरींना पाणी येईल, झऱ्याला नाही. तुमचा बंधाऱ्याचा प्रस्ताव वाईट नाही, फक्त तो झऱ्यासाठी नाही. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

चर किती लागतील? सध्याच्या धारेवरून नोव्हेंबरमध्ये झऱ्याच्या पोटात सुमारे 3,700 घनमीटर पाणी असतं (40 लिटर मिनिटाला म्हणजे दिवसाला 57.6 घनमीटर, आणि धार 45 दिवसांनी निम्मी होते म्हणून एकूण साठा त्याच्या सुमारे 65 पट होतो). धार दुप्पट करायची तर तेवढंच आणखी मुरवायला हवं. 60 सेंटिमीटर रुंद आणि 45 सेंटिमीटर खोल चर, हेक्टरी 275 मीटर, म्हणजे एका भरण्याला 74 घनमीटर. हेक्टरवरून साडेसात मिलिमीटर पाणी वाहिलं की ते भरतात. हंगामात आठ वेळा भरले तर सुमारे 600 घनमीटर. यातलं बरंच माती आणि मुळं पितात, काही पावसाळ्यातच झऱ्यावाटे निघून जातं, म्हणून तिसरा हिस्सा धरा, 200. हिशेब 19 हेक्टरांवर जातो. खोदाई 1,400 घनमीटर, कठीण मुरमात एका माणसाचा दिवसाला एक घनमीटर धरला तर 1,400 मनुष्यदिवस. हे रोजगार हमीच्या कामात बसवलं तर तुमचे 5 लाख बाकीच्या गोष्टींना उरतात. एवढी जागा नेमक्या क्षेत्रात नसेल तर जेवढी आहे तेवढीच करा, आकडा गाठायला चुकीच्या उतारावर जाऊ नका.

जमीन वनखात्याची असणार. परवानगीशिवाय कुदळ लावू नका. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर ग्रामसभेच्या आराखड्यात हे काम घाला. 2009 साली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने तो हक्क मिळवला, तेव्हापासून विदर्भातल्या अनेक ग्रामसभांना ही वाट माहीत आहे.

खोदाईत चूक होते ती समपातळीची. चर डोळ्यांनी सरळ दिसतो, पाण्याला दिसत नाही. समपातळी बघायला लागतात 12-15 मीटरची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, दोन दीड मीटरच्या काठ्या, दोन माणसं. नळीत बुडबुडा राहिला की वाचन चुकतं, म्हणून आधी नळी पूर्ण भरून बोटाने टिचक्या मारत बुडबुडे काढा. पातळी पाच सेंटिमीटरने जरी चुकली तरी सगळं पाणी एका टोकाला जमतं, तिथे भराव फुटतो आणि खालचे चर एकामागून एक फुटत जातात. त्यावर उपाय म्हणून दर 10 मीटरला एक मीटर जमीन न खणता सोडा. माती उताराच्या खालच्या बाजूला, चराच्या काठापासून 30 सेंटिमीटर सोडून टाका, नाहीतर पहिल्याच पावसात ती परत चरात येते. झाडाच्या बुंध्यापासून दीड-दोन मीटर लांब राहा. 33 टक्क्यांपेक्षा तीव्र उतारावर चर नकोत, तिथे फक्त आग आणि चराई थांबवा, पवना आणि मारवेल गवत आपोआप येतं. चराईबंदी संपूर्ण डोंगरावर लावली तर एका वर्षात मोडते. त्या 19 हेक्टरांपुरतीच मागा, ती लोक पाळतात.

दोन-तीन पावसाळ्यांत चराच्या तळाशी बारीक गाळ बसतो आणि तो मातीच्या मडक्याइतकाच पाणी धरून ठेवतो. पाऊस थांबल्यावर चरात चार दिवस पाणी दिसलं की लोक खूश होतात. खरं तर ते वाईट लक्षण आहे, पाणी मुरत नाहीये. एप्रिल-मेमध्ये तळाचा 10 ते 15 सेंटिमीटर थर खरवडून काढा. हा खर्च पहिल्याच वर्षी बाजूला काढून ठेवा, नंतर त्यासाठी कुणी पैसे देत नाही.

झऱ्याच्या तोंडाशी हात लावताना फार जपून. जास्त पाणी मिळेल म्हणून तोंड खोल खणणं किंवा सुरुंग लावणं यात झरा कायमचा जाऊ शकतो. वरची सैल माती हाताने काढत पाणी खडकातून जिथून निघतं तिथवर जा. समोर काँक्रीटची भिंत, बुडाशी घट्ट खडकात रोवलेली, मागे धुतलेली 20-40 मिलिमीटरची खडी, अशी झऱ्यावर पेटी बांधायची. पेटीतल्या पाण्याची पातळी झऱ्याच्या डोळ्याच्या (पाणी खडकातून निघतं त्या जागेच्या) वर कधीही चढता कामा नये. चढली तर मागे दाब येतो आणि पाणी दुसरी वाट शोधतं, तीन-चार वर्षांनी पेटी कोरडी आणि बाजूला दलदल. म्हणून ओसंडण्याचा पाइप डोळ्याच्या खाली ठेवा आणि तो पुरवठ्याच्या पाइपपेक्षा मोठा, पुरवठा 50 मिलिमीटरचा असेल तर हा 75 चा. तोंडाला जाळी, तळाला गाळ सोडायची तोटी, झाकण जमिनीपासून 30 सेंटिमीटर उंच, आणि वरच्या अंगाला 8-10 मीटरवर पावसाचं पाणी वळवणारी चारी. पाणीपुरवठ्याची टाकी खाली गावाजवळ. 10,000 लिटरच्या टाकीला 33 टक्के क्लोरीनची ताजी ब्लीचिंग पावडर 60 ग्रॅम, डबा जुना असेल तर 80 ग्रॅम, आधी बादलीत कालवून वरचं निवळ पाणी टाकायचं, अर्धा तास थांबायचं आणि शेवटच्या नळाला लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरतो का ते बघायचं.

आता स्पष्ट सांगायला हवं, कारण गावाला खोटी आशा दाखवू नये. माणशी 55 लिटर, गुराला 40 आणि शेळीला 5 लिटर धरलं तर गावाची गरज दिवसाला 23,000 लिटर, म्हणजे चोवीस तास मिनिटाला 16 लिटर. आजचा झरा ती जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत भागवतो. धार दुप्पट झाली तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मेपर्यंत हा झरा सगळ्याला पुरणार नाही, कितीही चर खणा. पण पिण्या-स्वयंपाकाला माणशी 10 लिटर धरले तर 3,000 लिटर लागतात, आणि दुप्पट झालेली धार मेअखेरीसही दिवसाला साडेचार हजारांच्या पुढे देऊ शकते, बोअरचा उपसा थांबला तर. म्हणून जानेवारीपासून झरा फक्त पिण्यासाठी राखून ठेवा. गुरं, धुणं, आंघोळ यांना गावाखालच्या नाल्यातला बंधारा किंवा जुनी बोडी (छोटा तलाव) असेल तर तिचा गाळ काढून सोय करा. तुमच्या बंधाऱ्याची जागा ही. त्या शेतकऱ्याशी तडजोडही यातूनच निघते, त्याला भाजीपाल्यासाठी खालच्या विहिरीचं पाणी आणि ठिबक द्या, बोअर फेब्रुवारी ते जून बंद ठेवायचा ठराव ग्रामसभेत घ्या.

हिमालयात सुमारे 30 लाख झरे आहेत आणि त्यातले निम्मे आटताहेत किंवा हंगामी झालेत, असं नीती आयोगाच्या 2018 च्या अहवालात म्हटलं आहे. सिक्कीमने 2008 पासून धारा विकास कार्यक्रमात आधी खडक, मग चर हाच क्रम लावला. घेण्यासारखा आहे तो हा क्रम. तिथलं चरांचं अंतर आणि मापं आपल्या चार महिन्यांच्या पावसाला आणि काळ्या चिकण मातीला लावू नका.

पाणी डोंगरात धरलं गेलं तर त्याचा फायदा गावापुरता राहत नाही. पेंच नदी छिंदवाड्याच्या डोंगरात उगम पावते, तोतलाडोह आणि नवेगाव खैरी या धरणांमार्गे तेच पाणी नागपूरच्या नळाला येतं. 2019 च्या जुलैमध्ये तोतलाडोह तळाला गेला आणि शहराला एक दिवसाआड पाणी मिळालं, तेव्हा वरच्या चौराई धरणाची पुष्कळ चर्चा झाली. उन्हाळ्यात नाल्या-ओढ्यांना पाणी देणाऱ्या झऱ्यांची चर्चा त्यामानाने फार थोडी झाली.

कामाचा क्रम असा ठेवा. या ऑक्टोबरपासून पुढच्या जूनपर्यंत दर आठवड्याला धार मोजा, आणि त्याच डोंगरातला जिथे काही काम होणार नाही असा दुसरा झराही सोबत मोजत राहा. त्याच्याशिवाय पुढच्या वर्षी वाढ चरांमुळे झाली की पावसामुळे, हे कधीच सांगता येणार नाही. डिसेंबर-जानेवारीत खडकाचा नकाशा, फेब्रुवारीत पंपबंदीची चाचणी, परवानगी हातात असेल तर मार्च ते मे खोदाई. पेटीचं बांधकाम धार सर्वांत कमी असताना, एप्रिल-मेमध्ये. पहिल्या पावसात एक माणूस छत्री घेऊन चरांवरून फिरलाच पाहिजे. कुठे भराव ओलांडतो, कुठे चर रिकामा राहतो ते त्या तासाभरातच दिसतं, आणि तिथे लगेच खुंटी ठोकून ठेवा.